लियॉंमध्ये चालत खाद्यभ्रमंती: मदत हवी आहे

ऑक्टोबरमध्ये आईबाबांना घेऊन फ्रान्समधल्या लियॉंला जातोय. जुन्या शहरात, म्हणजे व्ह्यू-लियॉंमध्ये, गाइडबरोबर चालत खाद्यभ्रमंती करायची आहे. कोणी केली असेल तर सांगा.

मुख्य अडचण आईची. ती शाकाहारी आहे, अंडं चालतं. आणि लियॉंच्या 'बुशों'मध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक छोट्या खानावळींमध्ये, मिळतं काय तर डुकराच्या आतड्यांचं आंदुयेत सॉसेज आणि माशाचे केनेल, म्हणजे मऊ गोळे! बाबा खूश होतील, पण आईने तीन तास नुसतं बघत फिरायचं का? तिच्यासाठी गुलाबी प्रालीनचा (साखरेत घोळवलेल्या बदामांचा) टार्ट आणि हर्ब्ज घातलेलं ताजं चीज, सर्व्हेल द कान्यू, एवढं सापडलंय. पण तिथल्या पारंपरिक चीजमध्ये बहुधा वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं. हे तिला आधीच सांगावं की गप्प बसावं, हाही प्रश्नच आहे!

गाइड आधी कळवल्यावर खरंच वेगळे पदार्थ देतात, की सॅलडवर बोळवण करतात? ग्रुपपेक्षा खासगी गाइड बरा पडेल का?

दुसरं, बाबांचे गुडघे. दगडी रस्ते चालतील, पण ट्राबूलमध्ये, त्या इमारतींच्या पोटातून जाणाऱ्या वाटांमध्ये, जिने किती? रेशीम विणकरांची क्रुआ-रूस टेकडी मी वगळलीच आहे. वर फुर्व्हिएर टेकडीवर फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने जाऊ.

आम्ही रविवारी संध्याकाळी पोहोचतो. 'ले आल पॉल बोक्यूझ' हे मोठं मार्केट सोमवारी बहुतेक बंद असतं, म्हणून टूर मंगळवारी सकाळी ठेवावी म्हणतोय. त्याच दिवशी जेवायला वेगळं बुकिंग लागेल, की टूरमध्येच पोट भरतं?