झालं गेलं गंगेला मिळालं, असं म्हणून चालेल का?

महालवाला: १७ मार्च २०२५ च्या रात्री नागपूरच्या महाल भागात हिंदू-मुस्लिम दंगल न जाळपोळ झाली, त्यात आमच्या गल्लीतली माझी गाडीही गेली. सकाळी पाहतो तर सीटच्या जागी नुसत्या स्प्रिंगा. कर्फ्यू उठल्यावर मोमिनपुरा या मुस्लिम वस्तीतला माझा मेकॅनिक आपणहून आला. पंधरा वर्षांची ओळख. सांगाड्याजवळ उकिडवा बसला, काळं झालेलं इंजिन कापडानं पुसत राहिला. म्हणाला, "इंजन बच जाएगा, भाऊ." त्या दिवशी मी माफ करून टाकलं. नाहीतर आपली पोरं राग धरूनच मोठी होतील. तुम्हाला काय वाटते?

इतवारीकर: भाऊ, मेकॅनिकनं गाडी जाळली होती का? मग माफी कशाची? ज्यांनी जाळली ते अजून कबूलच करून नाही राहिले. तुम्ही पूर्ण मोहल्ल्याला मनातल्या मनात आरोपी केलं न मग सोडून दिलं. हे मला जास्त टोचलं.

धरमपेठ_ताई: इतकं कठोर नका होऊ. कोणीतरी आधी हात पुढे केल्याशिवाय गाडं हलत नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपल्यावर आर्चबिशप डेसमंड टुटूंच्या सत्यशोधन आयोगानं तेच केलं ना?

इतवारीकर: ताई, तिथं माफी फुकट नव्हती. १९९६ पासून सुनावण्या झाल्या, गुन्हेगारानं सगळं खरं सांगायचं ही अट होती. ७००० वर अर्ज आले, माफी मिळाली साधारण ८५० जणांना.

इंदोरा_चौक: आणि भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी? २९ सप्टेंबर २००६ ला तिथं भैयालाल भोतमांगे या दलित शेतकऱ्याची बायको न तिन्ही लेकरं मारली. अ‍ॅट्रॉसिटी कायदा कोर्टात टिकला नाही, २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं फाशीची जन्मठेप केली. सुप्रीम कोर्टाची वाट पाहत ते जानेवारी २०१७ मध्ये गेले. त्यांना कोण म्हणणार होतं, माफ करा म्हणून? समेटाच्या बैठकीत हे वाक्य नेहमी मार खाल्लेल्यालाच ऐकवतात. आशा मलाही आहे, पण माझी आशा निकालावर आहे.

महालवाला: इतवारीकर, 'माफ' हा शब्द माझा चुकलाच. पोलिसातली तक्रार मी मागे घेतलेली नाही, घेणारही नाही. पण इंदोरा, निकाल लागेपर्यंत शेजार तर राखावा लागतेच ना. त्या कर्फ्यूत मेकॅनिकच्या घरी चूल कशी पेटली, हे मी त्याला आजवर विचारलं नाही. उद्या गॅरेजवर जातो.