शब्दचर्चा: 'हाडाच्या पेशींची वाढ' म्हणजे नेमकी कशाची वाढ?

अनुवादिका: टायटॅनियमच्या दंतरोपणांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. एक वाक्य असं झालंय: "पृष्ठभागावर उपचार केल्याने हाडाच्या पेशींची वाढ अधिक होते." यातला 'उपचार' खटकतोय. शिवाय ऑसिओइंटिग्रेशनला (हाड रोपणाला थेट भिडतं त्याला) 'अस्थि-एकात्मता' म्हणावं का?

धातुमित्र: उपचार रोग्यावर, धातूवर प्रक्रिया. 'पृष्ठप्रक्रिया' सरळ आहे. पण कोणती प्रक्रिया ते लेखात असेल तर तेच लिहा. एसएलए म्हणतात त्या पृष्ठभागासाठी आधी पाव ते अर्धा मिलिमीटरचे अ‍ॅल्युमिनाचे (म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे) कण हवेच्या दाबाने मारतात, मग हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या गरम मिश्रणात बुडवतात. कणांनी मोठे खळगे पडतात, आम्लाने त्यांच्या आत एक-दोन मायक्रॉनचे बारीक खड्डे. 'वाळूमारा' लिहू नका, इथे वाळू नसते. 'कणमारा' आणि 'आम्लकोरण' चालतील. मारलेले काही कण धातूत रुतून बसतात, आम्लात आणि नंतरच्या धुण्यात ते बरेचसे निघतात, सगळे नाहीत.

'लेप' आणि 'थर' यांतही गल्लत करू नका. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट (हाडातल्या खनिजासारखं संयुग) प्लाझ्माने, म्हणजे अतितप्त वायूच्या झोताने, फवारतात तो लेप: बाहेरून आणलेला, साधारण 50 मायक्रॉन जाड, आणि चिकटण कमी पडली तर पापुद्र्यासारखा सुटणारा. अ‍ॅनोडायझिंगने होतो तो थर, तो धातूतूनच वाढतो. टायटॅनियमवर हवेत आपोआप काही नॅनोमीटरचा ऑक्साइड असतोच, विद्युतदाब देऊन तो जाड करतात. जाडीप्रमाणे सोनेरी, जांभळा, निळा असे रंग दिसतात. त्यात रंगद्रव्य काही नसतं, त्यामुळे 'रंगवलेले रोपण' हे साफ चूक.

दंतवैद्य: आणि 'खडबडीत' की 'खरखरीत'? खडबडीत रस्ता असतो. इथे सरासरी उंचसखलपणा (एसए) 1 ते 2 मायक्रॉन, म्हणजे बोटाला जेमतेम खरखर. शास्त्रात याला 'मध्यम' गट म्हणतात, 0.5 च्या खाली गुळगुळीत, 2 च्या वर खडबडीत. ज्याला खडबडीत म्हणाल त्याचा अर्थच बदलेल.

'अस्थि-एकात्मता' मला पटत नाही. स्वीडिश संशोधक ब्रोनमार्क यांनी ऑसिओइंटिग्रेशन हा शब्द 1977 मध्ये रूढ केला, त्याचा आशय एवढाच: भार झेलणाऱ्या रोपणाला जिवंत हाड थेट भिडलेलं, मध्ये मऊ ऊतीचा पडदा नाही. दोन्ही एक होत नाहीत. रुग्णांशी बोलताना आम्ही "हाडानं इम्प्लांट धरलं" म्हणतो. मात्र 'घट्ट बसलं' आणि 'धरलं' वेगळं. पहिल्या दिवशीचा घट्टपणा निव्वळ आट्यांचा असतो. पुढे दाबलं गेलेलं हाड झिजतं, नवं अजून पुरेसं आलेलं नसतं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड थोडी उतरते. ही दरी उथळ करणं हेच पृष्ठप्रक्रियेचं खरं काम.

अनुवादिका: मग 'अस्थिरूज' कसा? रोप रुजतं तसं.

दंतवैद्य: कानाला गोड आहे, पण संस्कृतात 'रुजा' म्हणजे वेदना. 'अस्थिरूज' वाचून कोणी हाडदुखीचं औषध विचारेल! 'अस्थिधारण' बघा.

पेशीसंवर्धक: खरी अडचण 'वाढ'मध्ये आहे, तिच्याकडे कोणी बघितलंच नाही. पेशी आधी चिकटतात, मग पसरतात, मग विभाजनाने संख्या वाढते, मग त्या परिपक्व होतात आणि शेवटी कॅल्शियमचं खनिज साठवतात. यातलं कोणतं? एमजी-63 (हाडाच्या कर्करोगातून मिळवलेल्या) पेशींवरच्या अभ्यासांत खरखरीत पृष्ठभागावर पेशींची *संख्या* गुळगुळीतपेक्षा कमी आणि अल्कलाइन फॉस्फटेज, ऑस्टिओकॅल्सिन ही परिपक्वतेची चिन्हं जास्त असं वारंवार दिसलंय. विभाजन आवरतं, परिपक्वता पुढे सरकते. म्हणजे तुमचं वाक्य 'संख्या' या अर्थाने वाचलं तर उलटंच ठरतं.

मोजणीतही याच शब्दाने घोटाळे होतात. टायटॅनियमची 15 मिमीची चकती 24 खणांच्या ताटलीत ठेवली की कडेच्या प्लास्टिकवरही पेशी वाढतात. मोजण्याआधी चकती नव्या खणात हलवली नाही तर आकडा नुसत्या धातूचा नव्हे, प्लास्टिकचाही येतो. फॉस्फटेजचा आकडा डीएनए किंवा प्रथिनाने भागायलाच हवा, नाहीतर जास्त पेशी आणि जास्त परिपक्व पेशी यांतला फरक पुसतो. अ‍ॅलिझरिन रेड (कॅल्शियमचं खनिज दाखवणारा रंग) खळग्यांत अडकून राहतो, म्हणून पेशी न टाकलेली तशीच चकती सोबत रंगवायची. आणि टायटॅनियम अपारदर्शक, साध्या उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. प्रतिदीप्त रंग लागतो.

चकती कधीची तेही बघा. ताज्या कोरलेल्या टायटॅनियमवर पाणी सपाट पसरतं. उघड्या हवेत काही आठवडे ठेवलं की हायड्रोकार्बन बसतात, स्पर्शकोन (पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन) वाढतो, पेशी कमी चिकटतात. म्हणूनच काही रोपणं सलाइनमध्ये बुडवून विकतात.

(विश्वकोशात 'कोशिका' आहे. शाळेत सगळे पेशीच शिकलेत, तेव्हा पेशी ठेवा. हिंदी वाचकाला तो स्नायू वाटेल, पण लेख मराठी आहे.)

अनुवादिका: असं केलं: "कणमारा आणि आम्लकोरण केलेल्या पृष्ठभागावर अस्थिजनक पेशी संख्येने कमी, पण अधिक परिपक्व आढळल्या."

पेशीसंवर्धक: चांगलं. 'आढळल्या'आधी कितव्या दिवशी ते मूळ लेखातून घाला. सातव्या दिवशीची तफावत एकविसाव्या दिवशी तशीच राहील असं नाही.