बाबा रात्री चारदा उठतात आणि म्हणतात वय झालं, प्रोस्टेट असेल का?

घोडबंदरवाला:
बाबा ६६ चे, रिटायर्ड. गेल्या वर्षापासून रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतात, बाथरूममध्ये बराच वेळ लागतो आणि आल्यावर परत पंधरा मिनिटांत जावं लागतं. शुगर नॉर्मल आहे. संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाहीत. परवा दादरला आत्याकडे जायचं होतं तर म्हणे लोकलला गर्दी असते तुम्ही जा, आणि दुपारच्या गाडीला कसली आलीय गर्दी, खरं कारण म्हणजे लोकलमध्ये टॉयलेट नसतं. डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलतात. त्यांच्या ऑफिसातल्या एकाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता, तेच डोक्यात बसलंय बहुतेक. हे एवढं कॉमन आहे का? आणि तुमच्याकडच्या माणसांना डॉक्टरकडे नेलंत कसं?

नौपाड्याचे_काका:
कॉमन? अहो आम्ही पाच-सहा जण रोज सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारून कट्ट्यावर बसतो. गुडघे, बीपी, सुनेचा स्वभाव, सगळं बोलून होतं पण हा विषय कध्धी नाही. मग एकदा नाशिकची ट्रिप ठरवताना एकाने विचारलं गाडी मध्ये किती वेळा थांबणार, तेव्हा कळलं की निम्मे जण रात्रीची गोळी घेतात आणि कोणाला पत्ता नाही. मीही टॅम्सुलोसिन घेतो, जेवणानंतर. थोड्याच दिवसांत धार सुधारली. फक्त रात्री उठताना आधी पलंगावर मिनिटभर बसायचं, एकदम उभं राहिलं तर गरगरतं. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं असेल तर ही गोळी चालू आहे किंवा आधी घेत होतो हे डोळ्यांच्या डॉक्टरला सांगायचंच, बाहुली नीट मोठी होत नाही म्हणतात.

फुकटचा_सल्ला:
वयानुसार होतंच, कशाला घाबरवताय. गोखरूचा काढा द्या. डॉक्टरकडे गेलात की डायरेक्ट ऑपरेशन सांगतील.

नेरुळची_सिस्टर:
वरच्या दादांनी असं सांगू नये प्लीज. बऱ्याच जणांचं गोळ्यांवर भागतं, ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही. पण अंगावर काढलं की काय होतं ते मी ड्युटीवर बघते, माणूस रात्री दोनला येतो, पोट फुगलेलं, घामाघूम, थेंबही होत नाही, आणि कॅथेटर टाकल्यावर जवळजवळ लिटरभर निघते. विचारलं तर बऱ्याचदा सर्दीची गोळी घेतलेली असते मेडिकलमधून. त्यातल्या स्युडोएफेड्रिन, क्लोरफेनिरामिनसारख्या औषधांनी लघवी तुंबू शकते. तुमच्या बाबांना हे आजच सांगा.

घोडबंदरवाला, पन्नाशीतल्या जवळपास निम्म्या पुरुषांमध्ये ही प्रोस्टेटची ग्रंथी वाढलेली सापडते आणि ऐंशीच्या पुढे ८० ते ९० टक्क्यांमध्ये, अर्थात त्रास सगळ्यांना होतोच असं नाही. आणि ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, तिचा पुढे कॅन्सर होत नाही. ती होते लघवीच्या नळीभोवतीच्या मधल्या भागात, म्हणून नळी दाबली जाते. कॅन्सर जास्त करून ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, त्यामुळे सुरुवातीला काही जाणवत पण नाही. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात म्हणून युरोलॉजिस्ट बोटाने तपासतात आणि पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ताची टेस्ट, करायची का ते ठरवतात. सोनोग्राफी आधी भरलेल्या ब्लॅडरवर आणि मग लघवी करून आल्यावर परत, म्हणजे आत किती उरते ते कळतं. लघवीतून रक्त दिसलं तर मात्र थांबायचं नाही.
पाणी तोडू नका त्यांचं. झोपायच्या आधी दोन तास कमी करा आणि रात्रीचा चहा बंद, बास.

वाशीची_मावशी:
आमच्याकडे "तुम्हाला दाखवायचंय" म्हटलं असतं तर हे हललेच नसते. मी म्हटलं माझी झोप होत नाहीये, मला बरोबर घेऊन चला. तिथे गेल्यावर डॉक्टरांसमोर सगळं मीच सांगितलं, किती वेळा उठतात, कपड्यांना डाग पडतात, सगळं. हे नुसते छताकडे बघत होते. आता दोन गोळ्या एकत्र चालू आहेत, दुसरी ड्युटास्टेराइड, ग्रंथी आकसायची. तिचा फरक पडायला सहा महिने लागू शकतात असं आधीच सांगितलं होतं म्हणून धीर धरला, नाहीतर यांनी दोन महिन्यांत बंद केली असती.

घोडबंदरवाला:
थँक्यू सगळ्यांना. लघवीचा त्रास किती आहे ते मोजायचा सात प्रश्नांचा फॉर्म मिळाला, आईने बाबांना गप्पा मारत मारत भरायला लावला, १७ आले. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय. पीएसए उपाशीपोटी द्यायची का?

नेरुळची_सिस्टर:
१७ म्हणजे मध्यम, ८ ते १९ मध्ये येतं. पीएसएला उपाशी लागत नाही. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, इन्फेक्शनमध्ये आकडा उगाच वाढतो. सायकल चालवत असतील तर आदल्या दोन दिवस बंद ठेवा. आणि मावशी, ड्युटास्टेराइडवर सहा महिने झाले की पीएसए साधारण निम्मी दिसते, तुमच्याकडे टेस्ट केली तर ही गोळी चालू असल्याचं आठवणीने सांगा.