मदत हवी आहे: १६ रेसिडेंट, फ्लिप्ड क्लासरूम आणि लेक्चर यांची तुलना कशी करावी?

गोदाकाठ_मेडिसिन
नाशिकच्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिनला १६ पीजी (पदव्युत्तर शिकणारे रेसिडेंट डॉक्टर) आहेत, जेआर-१ आणि जेआर-२ (पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट) मिळून. विषय दोन: एबीजी (धमनीच्या रक्तातले वायू आणि आम्लता यांची तपासणी) आणि हायपोनेट्रेमिया (रक्तात सोडियम कमी होणं). आठ जणांना लेक्चर, आठ जणांना फ्लिप्ड, म्हणजे आधी व्हिडिओ आणि वर्गात केसेस, मग मार्क ताडून पाहायचे असा बेत आहे. एवढ्या कमी मुलांत निष्कर्ष टिकेल का? नाईट ड्यूटी करून आलेले व्हिडिओ न बघताच बसतील, त्याचं काय? पोस्ट-टेस्ट लगेच घ्यावी की नंतर?

व्हायवा_टेबल
सर, गट कायमचे वेगळे ठेवू नका, क्रॉसओव्हर करा. ‘अ’ गटाला एबीजी फ्लिप्ड, हायपोनेट्रेमिया लेक्चर, ‘ब’ला उलट. जेआर-१ आणि जेआर-२ च्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या काढा, नाहीतर सीनियर एकाच बाजूला गोळा होतात. प्रत्येकाच्या एबीजीच्या मार्कांतून हायपोनेट्रेमियाचे वजा करा आणि हा फरक दोन गटांत ताडा. दोन्ही सरासऱ्यांमधल्या अंतराचं निम्मं म्हणजे पद्धतीचा परिणाम. एक विषय सोपा असला तरी तो भाग कटून जातो. संख्याशास्त्रीय चाचणी मॅन-व्हिटनी (दोन लहान गट ताडणारी) पुरे. लहान फरक १६ जणांत सापडणार नाही, हे प्रोटोकॉलमध्येच लिहा.

पोस्टनाईट
खरा घोळ वेळेचा होतो. लेक्चर ६० मिनिटं आणि फ्लिप्डला २० मिनिटांचा व्हिडिओ अधिक ६० मिनिटं वर्ग, असं केलंत तर मोजणी त्या जादा २० मिनिटांची होईल. २० अधिक ४० ठेवा. व्हिडिओचे १०-१० मिनिटांचे दोन तुकडे करा.

वर्गात व्हिडिओतलं पुन्हा सांगू नका. एकदा सांगितलं की पुढच्या वेळी कुणीच बघून येत नाही. पहिल्या ५ मिनिटांत ५ एमसीक्यू, मग थेट केस: पीएच (आम्लता) ७.१७, बायकार्ब (बायकार्बोनेट) १२, पीसीओ२ (रक्तातला कार्बन डायऑक्साइड) ३४. बायकार्ब कमी झाल्यावर पीसीओ२ किती उतरायला हवा ते सांगणाऱ्या विंटर्स सूत्राने अपेक्षित पीसीओ२ १.५ × १२ + ८, म्हणजे २६ ± २. ३४ आहे, म्हणजे सोबत रेस्पिरेटरी ॲसिडोसिसही (श्वासातून कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर न गेल्याने वाढलेली आम्लता) आहे. रुग्ण श्वास घेऊन थकतोय का, हा प्रश्न जेआरच्या तोंडून यायला हवा. त्यासाठीच तर ४० मिनिटं राखलीत.

सेशन नाईटच्या दुसऱ्या दिवशी नको. तरीही कुणी न बघता आलं तर विश्लेषणातून वगळू नका, नाहीतर फ्लिप्ड गटात फक्त मेहनती उरतील.

गोदाकाठ_मेडिसिन
आणि पोस्ट-टेस्ट? शिवाय व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरले तर?

व्हायवा_टेबल
टेस्ट दोनदा: सेशननंतर लगेच आणि ६ आठवड्यांनी, दुसऱ्या वेळी नव्या केसेसवर. लगेचच्या टेस्टमध्ये लेक्चरही चांगलंच दिसतं, मुख्य निकाल ६ आठवड्यांचा धरा. दोन्ही गटांची सेशन्स लागोपाठच्या दिवशी घ्या आणि व्हिडिओ डाउनलोड न होणाऱ्या लिंकवर ठेवा. दुसरी टेस्ट झाली की सगळ्यांना सगळं खुलं करा.

एथिक्स कमिटीची परवानगी आधीच घ्या. संमती एचओडीने (विभागप्रमुखाने) किंवा थीसिस गाइडने मागू नये, दुसऱ्या विभागातल्या कुणीतरी मागावी. गाइडला ‘नाही’ म्हणणं पीजीला शक्य नसतं. हे मार्क इंटर्नल असेसमेंटला जोडू नका.