विषय: सांगलीचं कर्ज, लीड्सचा पगार

प्रेषक: लीड्सची नवी सभासद

नमस्कार मंडळी,

आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटलेल्यांना कदाचित आठवत असेन, आरतीच्या वेळी टाळ माझ्याकडे होते. दोन वर्षांचं फिजिओथेरपीचं एमएस्सी करून आता एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, बँड ५ या पगारश्रेणीवर लागले आहे. २०२५-२६ च्या दराने वर्षाला ३१,०४९ पौंड. कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन कापून महिन्याला साधारण १९८० हातात येतात.

शिक्षणाचं कर्ज सांगलीतल्या एका बँकेचं आहे, साडेदहा टक्क्यांनी, आमचं राहतं घर तारण ठेवून. घेतलं २४ लाख. शिकत असतानाचं आणि नंतरच्या सवलतीच्या वर्षाचं व्याज चढून हप्ता सुरू झाला तेव्हा ३० लाख झालं होतं. हप्ता ४०,४८० रुपये, मुदत दहा वर्षं. पौंड १२० रुपये धरला तर महिन्याला ३३७ पौंड जातात.

दिवाळीत जास्तीचे १००० पौंड पाठवले. पुढचे दोन महिने बँकेने हप्ताच कापला नाही, आणि तिसऱ्या महिन्यात स्टेटमेंट पाहिलं तर मुदत होती तेवढीच. मी पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे नक्की कुठे गेले तेच कळेना. बाबा शाखेत दोनदा जाऊन आले. त्यांना "सिस्टीममध्ये तसंच येतं" एवढंच सांगितलं.

मैत्रीण म्हणते, पेन्शनमधून बाहेर पड, महिन्याला दीडशे पौंडांच्या वर सुटतील, ते कर्जात घाल. तसं करू का? ज्यांनी हे फेडलंय त्यांनी कृपया सांगावं.

प्रेषक: लेस्टर, जुना सभासद

बाळ, एवढी घाई करू नकोस. माझी मुलगी तुझ्याच हुद्द्यावर, तुझ्याच पगारावर आहे. तिचं शिक्षणाचं कर्ज पगारातून परस्पर कापलं जातं, महिन्याला १९ पौंड. तिला त्याची जाणीवसुद्धा होत नाही. शिवाय रुपया दरवर्षी पडतोच, म्हणजे तुझं कर्ज पौंडात आपोआप हलकं होत जाणार. आत्ता घरासाठी पैसे साठव. इथे भाडं भरत राहणं हा खरा तोटा आहे.

प्रेषक: मँचेस्टर, २०१३ पासून सभासद

काका, तुमचा मान ठेवून सांगते, ही दोन कर्जं एकसारखी नाहीत. यात आपल्या मंडळातली मुलं नेहमी फसतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या लेकीचं कर्ज इथल्या सरकारचं आहे, प्लॅन २ नावाच्या योजनेतलं. ठरलेल्या मर्यादेच्या (२०२५-२६ मध्ये वर्षाला २८,४७० पौंड) वर जे मिळेल त्याच्या ९ टक्के कापतात. नोकरी गेली तर कापणं थांबतं, आणि तीस वर्षांनी उरलेलं माफ होतं. त्यामागे कोणाचं घर नसतं. लीड्सच्या या पोरीची नोकरी उद्या गेली तरी सांगलीत ५ तारखेला ४०,४८० लागणारच. तिने भरले नाहीत तर बँक बाबांच्या दारात जाईल.

रुपया पडेल म्हणून थांबायचं, तेही मी करून पाहिलं आहे. माझा हप्ता २२,००० होता. जून २०१६ मध्ये पौंड शंभराच्या आसपास होता. मी म्हटलं अजून चढेल, आणि साठवलेले पैसे इथेच ठेवले. ब्रेक्झिटचा कौल लागला आणि ऑक्टोबरात पौंड ८२ वर आला. जो हप्ता २२० पौंडांत जायचा त्याला २६८ लागायला लागले, आणि साठवलेल्या पैशांची रुपयांतली किंमतही घटली. त्यानंतर पगार झाला की दुसऱ्या दिवशी पैसे पाठवायचे, भाव बघायचा नाही, हा नेम मी शेवटपर्यंत पाळला.

आता तुझं. महिन्याला ५०० पौंड, म्हणजे ६०,००० रुपये गेले तर दहा वर्षांचं कर्ज साडेपाच वर्षांत संपतं. व्याज साडेअठरा लाखांऐवजी साडेनऊ लाखांच्या आसपास बसतं. नऊ लाख वाचतात, आणि तुझ्या पगारात हे बसण्यासारखं आहे. पण नुसते जास्त पाठवून भागत नाही, हे तू बघितलंसच. बँकेला लेखी कळव की ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवावा आणि मुदत कमी करावी. दर वेळी कळव, आणि नवीन परतफेडीचं वेळापत्रक मागून घे. तुझा व्याजदर बदलता असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०१४ पासून आहे. कोणी "चार्जेस लागतील" म्हणालं तर तेही लेखी माग.

दुसरं, तुझा दर अजून साडेदहाच कसा? २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, साडेसहावरून सव्वापाचवर आला. कर्ज रेपोला जोडलेलं असेल तर तुझाही दर उतरायला हवा होता. मंजुरीपत्र काढ आणि दर कशाला जोडलाय ते वाच. बाबांना आयकरात शिक्षणकर्जाच्या व्याजावरच्या वजावटीचा (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०ई) फायदा मिळेल असं कोणी सांगेल. तो जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्याला, स्वतःच्या करपात्र उत्पन्नातून भरलेल्या व्याजावर मिळतो. तू इथून भरतेस, तेव्हा तो हिशेबात धरू नकोस.

पेन्शन सोडू नकोस. तुझे ८.३ टक्के कापतात, पण एनएचएस स्वतःचे २३.७ टक्के घालतं. बाहेर पडलीस तर ते तुला पगारात मिळत नाहीत, नुसते जातात. आणि कापलेल्या पैशांवर तुला आत्ता करही भरावा लागत नाही. दोन वर्षांच्या आत परत जायची वेळ आलीच तर आपला भरणा परत मागता येतो, त्यामुळे अडकण्याची भीतीही नको. एचसीपीसीच्या (फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या) फीवर आणि व्यावसायिक संघटनेच्या वर्गणीवर कर परत मिळतो, त्याचा अर्ज मात्र कर. रक्कम लहान आहे, पण ती तुझी आहे.

आता माझी चूक सांगते. ब्रेक्झिटच्या त्या फटक्यानंतर मी साठवलेला आणि उरेल तो पौंडन्‌पौंड इचलकरंजीला पाठवला. हातात काही ठेवलं नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत आईला रात्री दवाखान्यात हलवलं, भावाचा फोन आला आणि माझ्या खात्यात ११४ पौंड होते. तिकीट क्रेडिट कार्डावर काढलं. ते फेडायला दीड वर्ष लागलं, साडेदहापेक्षा कितीतरी चढ्या व्याजाने. म्हणून आधी तीन महिन्यांचा खर्च आणि एका तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात टाक, त्यानंतरच जास्तीचं पाठव. सहा महिने उशीर झाला तरी चालेल. पुढे स्थायी वास्तव्याच्या अर्जालाही पैसे लागतील, २०२५ मध्ये त्यालाच ३०२९ पौंड लागत होते, तेही डोक्यात असू दे.

एवढं सगळं असूनही लवकर फेड म्हणते, त्याचं कारण व्याजाच्या पलीकडचं आहे. आईच्या त्याच आजारपणात वडिलांना घरावर थोडे पैसे उचलायचे होते. मिळाले नाहीत, कारण कागद माझ्या बँकेत होते. त्यांनी मला हे सांगितलं नाही. आत्याकडून उसने घेतले, आणि मला ते दोन वर्षांनी, आत्याच्याच तोंडून कळलं. कर्ज माझ्या नावावर होतं, पण हात त्यांचे बांधले होते. तुझ्या बाबांना एकदा विचार, घराच्या कागदांवाचून त्यांचं काही अडलंय का. आपल्याकडचे वडील आपणहून बोलत नाहीत.

फिटल्यावर ना-देय दाखला घे. सगळं भरल्यापासून तीस दिवसांत घराचे मूळ कागद परत द्यावे लागतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई, डिसेंबर २०२३ पासून तसा नियम आहे. माझ्या वेळी तो नव्हता, वडिलांनी चार महिने खेपा घातल्या. आणि मालमत्ता पत्रकावर बँकेचा बोजा चढवला असेल तर तो सिटी सर्व्हेला अर्ज करून उतरवून घ्यायला विसरू नका. आमचा राहून गेला होता. भावाने भिंत बांधायला परवानगी मागितली तेव्हा कळलं की फेडलेलं कर्ज कागदावर अजून उभंच आहे.

प्रेषक: लेस्टर

ताई, माझ्या डोक्यात लेकीचंच कर्ज होतं. तारणाचा विचार मी केला नाही, चूक माझी. बाळ, मी चौतीस वर्षं बँकेत काढली आहेत. बँकेला द्यायचं पत्र मी लिहून देतो. कर्जखात्याचा नंबर मंडळाच्या या मेल-यादीवर टाकू नकोस, मला वेगळी मेल कर.

प्रेषक: लीड्स

ताई, काका, मनापासून आभार. पेन्शन सोडायचा अर्ज भरून ठेवला होता, तो फाडून टाकला.

काकांचं पत्र सोमवारी गेलं. आज उत्तर आलं: दिवाळीचे १००० पौंड मुद्दलात वळवले, मुदत कमी केली, नवीन वेळापत्रक सोबत जोडलंय. दराबद्दल वेगळा अर्ज करायला सांगितलंय, तो उद्या करते.

आणि रात्री बाबांना विचारलं. आधी "छे, काही नाही" म्हणाले. मग आईने फोन घेतला. पावसाळ्यापासून मागच्या खोलीची स्लॅब गळतेय आणि दुरुस्तीसाठी कर्ज मिळत नाही म्हणून ती खोली बंद करून ठेवली आहे. ती माझी अभ्यासाची खोली.

तिकिटाचे पैसे बाजूला काढले की पहिले पैसे स्लॅबला पाठवणार आहे. ६०,००० चा हप्ता त्यानंतर सुरू करते. साधारण जुलैपासून.