शब्दचर्चा: ‘होस्ट बस अडॅप्टर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (मडगाव)
तंत्रनिकेतनाच्या मुलांसाठी सर्व्हर आणि स्टोरेजवर मराठीत टिपणे लिहीत आहे. आपल्याकडे बऱ्याच मुलांची प्राथमिक शाळा मराठीतून होते आणि पुढचे सगळे इंग्रजीतून, त्यामुळे नवी कल्पना आधी मराठीत सांगितली की लवकर पोचते. ‘होस्ट बस अडॅप्टर’ला मी ‘यजमान वाहिनी अनुकूलक’ आणि ‘फायबर चॅनेल’ला ‘प्रकाशतंतू मार्ग’ असे केले आहे. चालेल का? ‘झोनिंग’ला, म्हणजे कोणते उपकरण कोणाला दिसावे हे स्विचवर ठरवण्याला, तर काहीच सुचत नाही.

उत्तर (वेर्णा)
सर, टिपणे मराठीत होताहेत याचा फार आनंद झाला. पण हे दोन्ही शब्द ठेवू नका.

‘यजमान’ म्हटले की पाहुणे आठवतात. इथे होस्ट म्हणजे खुद्द सर्व्हर. त्याच्या आतली पीसीआय एक्सप्रेस बस (कार्डांशी डेटाची ये-जा करणारी वाट) आणि बाहेरची साठवण यांना जोडणारे कार्ड ते होस्ट बस अडॅप्टर, थोडक्यात एचबीए. नाव एचबीएच ठेवा आणि काम मराठीत समजावा.

मला खरी भीती ‘कार्ड’ या शब्दाची वाटते. सर्व्हर रूममध्ये नेटवर्क कार्डही ‘कार्ड’, रेड कंट्रोलरही ‘कार्ड’ आणि एचबीएही ‘कार्ड’. रेड कंट्रोलर अनेक डिस्क आपल्यामागे झाकून सर्व्हरला एकच मोठी डिस्क दाखवतो. सॅस (डिस्क जोडण्याची एक पद्धत) एचबीए प्रत्येक डिस्क आहे तशी पुढे करतो. झेडएफएससारख्या फाइल सिस्टिमला डिस्क अशा उघड्याच हव्या असतात. मागणीपत्रात नुसते ‘स्टोरेज कार्ड’ लिहिले तर दोन्हींपैकी काहीही येऊ शकते, आणि पुरवठादाराला दोष देता येत नाही. एचबीए लिहिले तरी पुढे सॅस की फायबर चॅनेल हे लिहावेच लागते. एक डिस्कच्या पेटीला जोडायचे, दुसरे स्विचला.

‘प्रकाशतंतू मार्ग’ तर अर्थानेच चुकतो. फायबर चॅनेल हा प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हर आणि साठवण यांच्यातल्या संवादाचे नियम आहे, तो तांब्याच्या तारेवरूनही चालतो. मानक ठरवणाऱ्यांनी ‘फायबर’चे ब्रिटिश वर्णलेखन (Fiber नव्हे, Fibre) मुद्दाम घेतले ते याचसाठी. मुलांना केबल आणि प्रोटोकॉल एकच वाटले तर आयस्कझी शिकवताना गोंधळ होईल, कारण तिथे साठवणीच्या आज्ञा साध्या इथरनेटवरून जातात, मग ती इथरनेटची केबल काचेची का असेना.

फोंड्याहून
झोनसाठी ‘वाडा’ कसा वाटतो? आपल्या गावांत वाडे असतातच. एका वाड्यातली माणसे एकमेकांना ओळखतात, तसेच झोनमधली उपकरणे एकमेकांना दिसतात.

वेर्णा
शब्द गोड आहे, पण एक अडचण आहे. घर एकाच वाड्यात असते. एचबीएचा पोर्ट मात्र एकाच वेळी अनेक झोनमध्ये असू शकतो, आणि बहुधा असतोच, कारण चांगल्या रचनेत प्रत्येक झोनमध्ये एकच इनिशिएटर (मागणी करणारा, म्हणजे सर्व्हरचा पोर्ट) ठेवतात. एक सर्व्हर दोन स्टोरेजशी बोलत असेल तर त्याचा पोर्ट दोन झोनमध्ये येतो. म्हणून ‘झोन’च राहू द्या.

इनिशिएटर आणि टार्गेट (मागणीला उत्तर देणारे स्टोरेज) यांना मात्र ‘मागणारा’ आणि ‘देणारा’ म्हणून बघा. ‘लक्ष्य’ म्हटले की टार्गेटवर नेम धरल्यासारखे वाटते. लिहितानाही मागणी सर्व्हरच्या बाजूनेच निघते, हे मुलांना यातून नीट कळते.

पणजीहून
‘सामायिक साठवण’ या शब्दाबद्दलही लिहा. सॅनमधला (साठवणीच्या वेगळ्या नेटवर्कमधला) एकच लन, म्हणजे सर्व्हरला डिस्कसारखा दिसणारा साठवणीचा तुकडा, दोन सर्व्हरना दाखवला की तो आपोआप सामायिक झाला, असा समज मी वारंवार पाहते. नॅस (नेटवर्कवरची फाइल-साठवण) फाइल देते, त्यामुळे कोण काय लिहितो ते तीच सांभाळते. सॅन ब्लॉक, म्हणजे डिस्कचे कच्चे तुकडे देते. दोन सर्व्हरनी तोच लन एक्स्ट४ या साध्या फाइल सिस्टिमने माउंट केला (वापरायला जोडला) तर दोघेही स्वतःला एकटा मालक समजून लिहितात आणि डेटा बिघडतो. क्लस्टर फाइल सिस्टिम (अनेक सर्व्हरना एकाच लनवर ताळमेळाने लिहू देणारी) असल्याशिवाय ‘सामायिक’ म्हणू नये.

मडगाव
हे टिपणांत ठळक टाकतो. आणखी एक विचारतो. फायबर चॅनेलच्या ‘३२ जी’ला ‘३२ गिगाबिट वेग’ लिहिले तर बरोबर ना?

वेर्णा
नाही. ते पिढीचे नाव आहे. ३२ जी फायबर चॅनेलच्या तारेवरचा वेग २८.०५ गिगाबिट, आणि एका दिशेने डेटा सेकंदाला सुमारे ३,२०० मेगाबाइट. दोन पोर्टच्या कार्डाला म्हणजे ६,४०० लागतात. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या आठ लेनच्या स्लॉटमध्ये सुमारे ७,९०० मिळतात, म्हणजे पुरतात. २.० च्या आठ लेनमध्ये ४,००० च, तिथे दुसरा पोर्ट अर्धवट राहतो. कार्ड घेण्याआधी सर्व्हरचा स्लॉट वाचायला शिकवा. जुने स्टोरेजही बघायला सांगा. ३२ जी पोर्ट १६ आणि ८ वर उतरतो, पण ४ जी स्टोरेजशी जोडणी होत नाही.

आणि टिपणांत ‘दोन पोर्ट’ आणि ‘दोन मार्ग’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. दोन पोर्ट एकाच कार्डावर असतील तर ते कार्ड किंवा तो स्लॉट गेला की दोन्ही मार्ग एकदम जातात. जिथे साठवण थांबून चालत नाही तिथे वेगवेगळ्या स्लॉटमध्ये दोन कार्डे घ्यायची, एक ‘ए’ फॅब्रिकच्या (स्विचच्या जाळ्याच्या) स्विचला, दुसरे ‘बी’च्या, आणि त्या दोन स्विचमध्ये एकही केबल नको. खर्च वाढतो, म्हणून सगळ्याच सर्व्हरना हे लागू करू नये. पण मागणीपत्रात ‘दोन स्वतंत्र मार्ग’ लिहिले असेल तर एका दुपोर्टी कार्डावर सही करू नये.