पत्र्याच्या शेडला आतून काय लावावं? वेल्डिंगचं काम आहे

रोटाव्हेटरवाला, परभणी
जिंतूर रोडला माझं 30 बाय 40 चं शेड आहे. ट्रॉल्या, नांगर, रोटाव्हेटर दुरुस्त करतो. वर अर्धा मिलिमीटरचा रंगीत पत्रा. मार्च लागला की बाराच्या पुढं पाना हातात धरवत नाही. गेल्या मे महिन्यात दोन पोरं काम सोडून गेली, अन् खरं सांगू का, त्यांचं काही चुकलं नाही. एक म्हणतो थर्माकोल चिकटव, दुसरा म्हणतो बबल शीट, तिसरा म्हणतो पत्रा काढून पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) टाक. (तिसरा पफ पॅनलच विकतो.) पत्रा काढायची ऐपत नाही. काय करावं?

शटर अर्धं, जालना
थर्माकोल अजिबात नको. आधीच्या शेडमध्ये मी तेच केलं होतं. पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीला, वेल्डिंग करताना ठिणगी वर गेली अन् वितळलेले जळके थेंब डोक्यावर गळायला लागले. धूर एवढा काळा, की दार सापडेना. लाइट होती म्हणून बोअर चालू झाला, नाहीतर सगळंच गेलं असतं. बबल शीटही शेवटी प्लास्टिकच.
तुम्ही रॉकवूल घ्या, 50 मिमी. दगड वितळवून केलेली लोकर ती, ठिणगीनं पेटत नाही. पर्लिनला खालून कोंबडीजाळी ताणायची अन् वर ते अंथरायचं. ग्लासवूलही चालेल, पण बसवताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क अन् चष्मा पाहिजे, नाहीतर दोन दिवस अंग खाजवत बसाल. पत्रा कुठं गळत असेल तर ते आधी बुजवा. भिजलेलं वूल काही कामाचं नाही.

माळवदातला, लातूर
जालनेकर बरोबर सांगायलेत, पण ऊन आधी वरच अडवा की. आमच्या जुन्या घराच्या माळवदावर हातभर पांढरी माती होती, मे महिन्यात भरदुपारी खाली झोप लागायची. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याकडून काय अपेक्षा करणार? तो ऊन पितो अन् तसंच खाली तुमच्या टाळूवर फेकतो. पत्रा धुऊन पुसून पांढरा उष्णतारोधक पेंट मारा, दोन हात, सकाळी पत्रा थंड असताना. कण्यावर टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्यावर फिरून गरम हवा बाहेर काढणारा) बसवा, पण भिंतीत खाली जाळ्या सोडा. खालून हवा आत आली नाही, तर वरचं नुसतं शोभेला फिरतं.

रोटाव्हेटरवाला, परभणी
पेंटऐवजी चुना मारला तर? लई स्वस्त पडतो.

माळवदातला, लातूर
सिमेंटच्या पत्र्यावर मारा खुशाल. तुमच्या रंगीत पत्र्याखाली जस्ताचा लेप असतो. रंग जिथं खरवडला असेल तिथं ओला चुना तो लेप खातो. शिवाय पहिल्या पावसात निम्मा धुऊन जातो, म्हणजे दरवर्षी शिडी लावायची.

रोटाव्हेटरवाला, परभणी
मग होळीच्या आधी पेंट अन् दोन व्हेंटिलेटर. रॉकवूल सध्या वेल्डिंगच्या डोक्यावरच्या तीन खणांतच, बाकीचं कापसाचे पैसे आल्यावर, गिऱ्हाइकाची उधारी तेव्हाच फिटते. जाळी अर्ध्या इंचाची घ्यावी का पाऊण?

शटर अर्धं, जालना
अर्ध्या. पाऊणमधून वूल लोंबतं.